रक्ताचें माप

महाडचें चवदार तळें आज सर्वांस मोकळें आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथील पाणी प्याले, तेव्हां तळें बाटलें म्हणून सनातन्यांनीं त्याची शुद्धि केली. पुढें १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निर्णय दिला. या वादांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अन्यधर्मीयांस त्या पाण्याची बंदी नव्हती; बंदी होती ती अस्पृश्य हिंदूंसच. तिचें कारण परकें रक्त असतें, तर हा न्याय उलटा असावयास हवा होता.

तरीही जातिभेद हा वंशभेदच होय, असें शास्त्राच्या नांवें सांगणारे झाले. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ली यांनीं नाक जितकें रुंद तितकी जात खालची, असा नियम बसविला. डॉ. घुर्ये यांनीं १९३२ सालीं मापें प्रांतवार तपासून, संयुक्त प्रांताबाहेर हा नियम टिकत नाहीं असें दाखविलें. डॉ. आंबेडकरांनीं १९४८ सालीं अशाच मापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे, असें अनुमान काढलें. वजनच खोटें असेल तर तराजू कितीही सुबक असून काय उपयोग, हें आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको.

आतां तर प्रत्यक्ष जनुकें वाचतां येतात. मनुष्यामनुष्यांतील सुमारें ८५ टक्के जनुकीय भेद एकाच जनसमूहाच्या आंत आढळतो, असें लेवॉन्टिन यांनीं १९७२ सालीं दाखविलें. भारतीय समाजांविषयींच्या २०१३ सालच्या संशोधनाप्रमाणें सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीं येथील लोकांत सर्वत्र मिश्रण झालें. बेटीबंदी त्यानंतर आवळली गेली.

कोणी विचारील, मग जातीजातींत शारीरिक भेद मुळींच नाहीं काय? थोडा आहे, कांहीं आनुवंशिक रोग एखाद्या समाजांत अधिक आढळतात. परंतु हा भेद बेटीबंदीचें कारण नसून तिचें फळ आहे.

तळ्याची बंदी कोर्टानें उठविली. बेटीबंदी उठविणें कोर्टाच्या हातीं नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें वाट मोकळी केली, पण त्या वाटेनें जावयाचें कीं नाहीं हें घरांतच ठरतें. महाड-पोलादपूरच्या वडीलधाऱ्यांस आमची इतकीच विनंती कीं, स्थळ पाहतांना जात विचारावयाचीच असेल, तर निदान रक्ताचें नांव पुढें करूं नये. ही रूढि आहे असें सरळ म्हणावें. कारण जी माणसांनीं घातली, ती माणसांस मोडतांही येते.