इस्लाममधील सदसद्विवेकबुद्धी

इस्लाममधील सदसद्विवेकबुद्धी हा इस्लामी नीतिविचार, धर्मशास्त्र आणि सूफी साधना या तिन्हींशी संबंधित विषय आहे. चांगले-वाईट ओळखणारी आणि दुष्कृत्यानंतर मनाला टोचणी लावणारी जी शक्ती मराठीत या नावाने ओळखली जाते, तिच्यासाठी कुराणात एकच शब्द नाही. तिची कामे नफ्स (जीव, स्व), कल्ब (हृदय), फितरा (मूळ प्रकृती) आणि तकवा (ईश्वराच्या जाणिवेतून येणारा संयम) अशा अनेक संज्ञांत विभागलेली आहेत. आज उर्दूत या अर्थाने रूढ असलेला 'जमीर' हा शब्द मूळचा अरबी असला, तरी जुन्या अरबीत त्याचा अर्थ 'मनात दडलेली गोष्ट' असा होता; सध्याचा अर्थ त्याला आधुनिक काळात मिळाला. शब्द नव्हता म्हणून कल्पनाही नव्हती, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही.

कुराणातील आधार

कुराणाच्या ९१व्या सूरेत (अश्-शम्स) ईश्वराने माणसाचा जीव घडवताना दुराचार आणि सदाचार या दोन्हींची जाणीव त्याच्या ठायी घातली, असे सांगितले आहे. जो या जिवाला शुद्ध राखतो तो यशस्वी होतो आणि जो त्याला मलिन करतो तो बुडतो, असे पुढे म्हटले आहे. म्हणजे ही जाणीव जन्मजात असली तरी तिची निगा माणसावर सोपवलेली आहे. ८३व्या सूरेत दुष्कृत्यांमुळे हृदयावर चढणाऱ्या गंजाचे रूपक येते ते याच अर्थाने.

नफ्सच्या तीन अवस्था भाष्यकारांनी कुराणातील तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरून जुळवल्या. वाईटाकडे ओढणारा 'नफ्स-ए-अम्मारा' यूसुफ यांच्या कथेत (सूरा १२) येतो. स्वतःला दोष देणारा 'नफ्स-ए-लव्वामा' ७५व्या सूरेच्या आरंभी आणि शांत झालेला 'नफ्स-ए-मुत्मइन्ना' ८९व्या सूरेच्या शेवटी येतो. सदसद्विवेकबुद्धीच्या सर्वांत जवळ जाणारी संज्ञा यांपैकी मधली होय. विशेष म्हणजे ७५व्या सूरेत या दोष देणाऱ्या जिवाची शपथ कयामतच्या दिवसाच्या शपथेला लागूनच घेतली आहे. अंतिम न्यायाच्या दिवशी जे घडायचे त्याची छोटी आवृत्ती माणसाच्या मनात रोज चालू असते, असा अर्थ त्यातून काढला जातो. त्याच सूरेत पुढे, माणूस कितीही सबबी सांगो, तो स्वतःच स्वतःविरुद्धचा साक्षीदार असतो, असेही म्हटले आहे.

नियत आणि हिशेब

कृत्याचे मूल्य त्यामागच्या हेतूवर ठरते, या आशयाची हदीस बुखारी यांच्या संग्रहात अगदी पहिली आहे. तिच्यातील 'निय्यत' हा शब्द मराठीत 'नियत' होऊन स्थिरावला. इमान, बेइमान, हराम, तोबा हे शब्दही याच नैतिक शब्दसंग्रहातून मराठीत आले आणि 'इमानेइतबारे काम करणे' असे म्हणताना ते परके असल्याचे कोणाला जाणवतही नाही. मराठीतील 'हिशेब' आणि सूफी परंपरेतील 'मुहासबा' यांचा अरबी धातू एकच आहे. मुहासबा म्हणजे दिवसभरातील आपल्या कृत्यांचा स्वतःच स्वतःकडून घेतलेला हिशेब. बसरा येथे जन्मलेले आणि बगदादमध्ये राहिलेले नवव्या शतकातील सूफी विचारवंत हारिस अल्-मुहासिबी यांना याच साधनेवरून हे नाव पडले. पुढे इमाम गझाली (१०५८–११११) यांनी आपल्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात या आत्मपरीक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. व्यापारी जसा भागीदाराशी करार करून, देखरेख ठेवून शेवटी जमाखर्च पाहतो, तसे माणसाने स्वतःशी वागावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हृदयाचा कौल आणि धर्मशास्त्र

मनाला जे पटते ते आणि जाणकारांनी दिलेला फतवा यांत विरोध आला तर काय करावे, हा या विषयातील खरा कठीण प्रश्न आहे. वाबिसा इब्न मअबद यांनी पुण्य आणि पाप यांविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद यांनी त्यांना आपल्या हृदयाचा कौल घेण्यास सांगितले आणि लोकांनी वेगळा फतवा दिला तरी तो घ्यावा, असे सुचवले, अशी हदीस आहे. तेराव्या शतकातील इमाम नववी यांच्या चाळीस हदीसींच्या प्रसिद्ध संग्रहात तिचा समावेश आहे. मनात सलते आणि लोकांना कळू नये असे वाटते ते पाप, या आशयाची दुसरी हदीसही तेथेच आहे.

ही मुभा कोणाच्या हृदयाला, यावर मात्र धर्मशास्त्रज्ञांनी बंधने घातली. सतत शंकांनी ग्रासलेले मन आणि सगळेच चालवून घेणारे मन, ही दोन्ही गझालींना विश्वासार्ह वाटत नाहीत. शिवाय मुळात बुद्धीला शास्त्राविना चांगले-वाईट कळते का, यावरच पंथभेद आहे. मुअतजिला पंथीयांच्या मते ते कळते. अशअरी पंथीयांच्या मते ईश्वराने जे चांगले ठरवले तेच चांगले. मातुरीदी पंथ या दोहोंच्या मधला मार्ग घेतो. बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या परंपरेत बुद्धीला माणसाच्या आतील प्रमाण मानले असून प्रेषित आणि इमाम हे बाहेरील प्रमाण होत.

महाराष्ट्रातील संदर्भ

श्रीगोंदा (जि. अहिल्यानगर) येथील सतराव्या शतकातील संतकवी शेख महंमद यांच्या 'योगसंग्राम' या मराठी ग्रंथात जिवाने आपल्याच विकारांशी करावयाच्या युद्धाचे रूपक आहे. नफ्सविरुद्ध झगडण्याची सूफी कल्पना आणि वारकरी भक्तीची परिभाषा त्यात इतकी एकजीव झाली आहे की एकीतून दुसरी वेगळी काढणे कठीण जाते.

विसाव्या शतकात हा झगडा मनातून सार्वजनिक जीवनात आला. चिपळूणजवळील मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत तोंडी तलाकविरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांच्या सदसद्विवेकाचा आधार मात्र धर्मग्रंथ नव्हता. तो विवेकवाद होता. मुंबई महानगरपालिकेत अभियंता असलेले असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांची वाट वेगळी होती. दाऊदी बोहरा धर्मगुरूच्या घरात जन्मलेल्या इंजिनिअर यांनी कुराणातील न्यायाच्या कल्पनेवरूनच आपल्या समाजातील धर्मसत्तेला प्रश्न विचारले. इस्लाममधील सदसद्विवेकाचे उदाहरण म्हणून दलवाईंपेक्षा त्यांचा मार्ग अधिक बोधक आहे.

बोहरा समाजात वयात येणारी व्यक्ती 'मीसाक' ही निष्ठेची शपथ घेते. ती दाई-अल्-मुत्लक या सर्वोच्च धर्मगुरूंशी बांधून घेणारी असते आणि शपथ मोडणाऱ्याला समाजबाह्य ठरवता येते. बहिष्कृताला मशीद, जमातखाना, दफनभूमी, कित्येकदा आप्तेष्टही दुरावतात. त्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. ५१वे दाई सय्यदना ताहिर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या धर्मविषयक कारभाराचा भाग असून त्याला संविधानाच्या अनुच्छेद २६चे संरक्षण आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले. माणसाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार वागू देणे हाच या कायद्याचा हेतू असून तो अनुच्छेद २५मधील स्वातंत्र्याला पूरक आहे, असे त्यांनी म्हटले.

या वादात सदसद्विवेक एकाच बाजूला होता, असे मानणे सोपे असले तरी बरोबर नाही. दाईंच्या आज्ञेत राहणे हेच श्रद्धावान बोहऱ्याच्या मनाला योग्य वाटत असते. प्रश्न आहे तो न पटणाऱ्याला आपल्या माणसांत राहूनच तसे म्हणता येईल का, हा. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध सर्व समाजांना लागू असणारा कायदा केला. १९६२च्या निकालाचा फेरविचार करण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.