बक्षिसाचा कोंबडा कसा ठरतो?

मोजमाप कशाशी? शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी नव्हे, तर त्या जातीच्या लिखित मानकाशी. ब्रिटनचे पहिले मानक-पुस्तक १८६५ सालचे, अमेरिकेचे १८७४ सालचे.

वर्ग चार : वर्षावरचा कोंबडा, वर्षावरची कोंबडी, वर्षाच्या आतला नर आणि तलंग.

तुरा : लेगहॉर्नचा एकेरी, अमेरिकी मानकानुसार दाते पाच. नराचा ताठ उभा, कोंबडीचा मात्र एका बाजूला झुकलेला. वायनडॉटचा गुलाबतुरा, ब्रह्माचा वाटाणातुरा.

बोटे : बहुतेक जातींना प्रत्येक पायाला चार. डॉर्किंग, सिल्की, हूडान, फावरोल यांना पाच. इथे चारच असली तर तो दोष.

थेट बाद : वाकडी चोच, एका अंगाला वळलेली शेपटी, एकेरी तुऱ्याला बाजूने फुटलेला जादा कोंब. ज्या जातीचे पाय उघडे असायला हवेत, तिच्या नडगीवर बारीकसे पीस दिसले तरी पुरे.

प्रदर्शनातला आणि पैदाशीचा : हे दोन वेगळे असू शकतात. पट्टेरी प्लिमथ रॉकमध्ये पट्ट्याचे जनुक लिंगाशी निगडित. नराला त्याच्या दोन प्रती मिळतात, मादीला एकच; म्हणून नर फिकट, मादी गडद. प्रदर्शनात दोघांची छटा सारखी हवी. त्यामुळे नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरी अशा दोन वंशावळी राखायची पद्धत पडली. नरांच्या वंशातली मादी फारच गडद निघते. पिंजऱ्यात ती हरेल, पण विजेत्या नराची आई तीच.

नावापुरते भारतीय : ‘ब्रह्मा’ हे नाव ब्रह्मपुत्रेवरून आले, जात घडली अमेरिकेत, शांघायहून आणलेल्या कोंबड्यांपासून.