भाड्याचे घर आणि पाळीव प्राणी

गोव्यातील जुन्या घरांत कुत्र्यामांजरांना कोणाच्या परवानगीची गरज पडत नसे. चुलीच्या उबेला मांजर आणि बलकावाच्या पायरीवर कुत्रा, ही त्यांची ठरलेली जागा. कोठीतील धान्य उंदरांपासून राखणे आणि अवेळी आलेल्या माणसाची वर्दी देणे, ही त्यांची कामेही ठरलेली असत. आता पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव यांसारख्या शहरांत अंगण गेले आणि सदनिका आली. नोकरीनिमित्त गावाहून येणारा शिक्षक किंवा बदलीवर आलेला कर्मचारी अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतो, तेव्हा ‘प्राणी पाळता येणार नाही’ असे कलम पुष्कळदा त्याच्यापुढे येते. मग घरातील मुलांबरोबर वाढलेल्या मुक्या जीवाचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. अशा प्रसंगी कायदा काय सांगतो आणि भाडेकरूने कोणती काळजी घ्यावी, याची माहिती सर्वांस असणे इष्ट आहे.

संस्थेचे नियम व मालकाचा करार

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. गृहनिर्माण संस्थेचे नियम ही एक बाब व घरमालकाशी केलेला करार ही दुसरी बाब होय.

संस्थांच्या संदर्भात भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आहेत. बहुमताने ठराव झाला तरी संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, केवळ कुत्रा भुंकतो हे बंदीचे कारण होऊ शकत नाही, तसेच उद्वाहनाचा वापर नाकारता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. त्याचबरोबर, आपल्या प्राण्याचा इतरांस उपद्रव होऊ न देणे ही पालकाची जबाबदारी असल्याचेही त्यांत स्पष्ट केले आहे.

घरमालकाने करारात घातलेली अट मात्र वेगळी. भाडेकरूने स्वेच्छेने सही केलेली अट मोडल्यास वाद उद्भवतो व घर सोडण्याची पाळी येऊ शकते. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली असा निर्णय दिला की, राहत्या घरात प्राणी पाळण्यास संपूर्ण मनाई करणारी उपविधीतील किंवा करारातील कलमे बेकायदेशीर आहेत. हा निर्णय इतर राज्यांतील न्यायालयांपुढे आधार म्हणून मांडता येतो. तथापि तो तेथे आपोआप बंधनकारक होत नाही. सबब, न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा सही करण्यापूर्वीच बोलणे करून घेणे शहाणपणाचे ठरते.

करार करण्यापूर्वी

प्राणी लपवून घरात आणणे हा मार्ग योग्य नव्हे. मालकास आरंभीच कल्पना द्यावी. प्राणी कोणता, किती वयाचा, त्याचे लसीकरण केव्हा झाले हे सांगून पशुवैद्याचे प्रमाणपत्र दाखवावे. मालकास भीती असते ती भिंती-दारांच्या नुकसानीची आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींची. नुकसान झाल्यास भरपाई अनामत रकमेतून वळती करावी, असे कलम भाडेकरूने स्वतःहून सुचविल्यास पुष्कळदा नकाराचा होकार होतो. झालेली संमती तोंडी न ठेवता करारात लिहून घ्यावी. जुन्या करारात मनाई असेल, तर ती बदलल्याचे लेखी पत्र मालकाकडून घ्यावे.

घेतलेली मुभा टिकविणे पालकाच्याच हाती असते. कुत्र्यास बाहेर नेताना साखळी हाती असावी व रस्त्यावरील विष्ठा पालकाने उचलावी. दिवसभर घर बंद करून जाणाऱ्या कुटुंबाने मोठा कुत्रा पाळण्याचा हट्ट धरू नये. एकटा पडलेला कुत्रा भुंकतो आणि त्याचा त्रास शेजारच्या आजाऱ्यास व अभ्यासास बसलेल्या मुलास होतो. प्राण्यापासून माणसास इजा होऊ नये म्हणून योग्य ती खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रेबीजविरोधी लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्यावी. गोव्यात २०१४ पासून चाललेल्या व्यापक लसीकरणानंतर २०२१ साली हे राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. हे यश टिकविण्यात प्रत्येक पालकाचा वाटा आहे. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब आरोग्य केंद्रात जावे.

पिंजऱ्यातील पोपट किंवा नक्षीदार पाठीचे तारा कासव यांचा प्रश्न मात्र मालकाच्या संमतीने सुटत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हे प्राणी घरात ठेवणे हाच गुन्हा आहे.

घर बदलताना

खरी कसोटी लागते ती घर बदलताना. सामान टेम्पोत चढते, कुटुंब निघून जाते आणि कुत्रा मात्र कुलूप लावलेल्या दारासमोर दिवसचे दिवस बसून राहतो. घरातील अन्नावर वाढलेल्या प्राण्यास रस्त्यावर पोट भरणे जमत नाही. तो उपासमारीने, वाहनाखाली किंवा इतर कुत्र्यांच्या हल्ल्यात मरतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्यास यातना होतील अशा स्थितीत त्यास वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा अपराध आहे. सदोदित साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हाही त्याच कलमानुसार अपराध आहे.

यास्तव बदलीचा हुकूम हाती पडताच नव्या घराच्या शोधात प्राण्याचाही विचार व्हावा. ते अशक्यच असेल, तर निघण्यापूर्वी नातेवाईक, स्नेही किंवा प्राणिकल्याण संस्थेमार्फत त्याची सोय लावावी, आणि लसीकरणाची कागदपत्रे नव्या पालकाच्या स्वाधीन करावी. घर भाड्याचे असते, पण घरात आणलेल्या जीवाची जबाबदारी अकरा महिन्यांची नसते, हे पिल्लू घरी आणण्याआधीच प्रत्येकाने ध्यानी घेतले पाहिजे.