‘मॅरेथॉन निधी’ : एका जमा-नोंदीचे स्पष्टीकरण

या अहवालासोबत जोडलेल्या जमा-खर्च पत्रकात ‘मॅरेथॉन निधी (डायलिसिस विभाग)’ अशी एक नवी नोंद वाचकांच्या दृष्टीस पडेल. वार्षिक सभेपूर्वीच दोन विश्वस्तांनी आणि काही जुन्या देणगीदारांनी तिच्याविषयी आमच्याकडे विचारणा केली. कोणी धावले म्हणून रुग्णालयास पैसे का मिळावेत, हा त्यांचा पहिला प्रश्न. ज्यांच्या पुढाकाराने हा निधी जमला ते गृहस्थ शर्यतीच्या दिवशी धावलेच नाहीत असे कानी येते, ते खरे काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर देताना आमच्या कार्यालयाची एक चूकही सांगावी लागणार आहे; म्हणून हे टिपण थोडे सविस्तर लिहीत आहोत.

हे गृहस्थ आपल्या नाशिक शहरातीलच एका बँकेत नोकरीस आहेत. त्यांच्या इच्छेस मान देऊन नाव येथे देत नाही. त्यांच्या मातोश्री सहा वर्षे आपल्या डायलिसिस विभागात येत असत. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार तास. यंत्रावर आई आणि बाहेरच्या बाकावर मुलगा, असे ते वेळापत्रक होते. बाकावर बसून त्यांचे स्वतःचे वजन वाढले, रक्तातील साखर सीमारेषेवर आली. तेव्हा आमच्या फिजिशियनांनी त्यांना सांगितले की, चार तास येथे बसण्यापेक्षा त्यांतला एक तास चालत जा. त्या चालण्याचेच पुढे धावणे झाले. २०२२ मध्ये मातोश्री निवर्तल्या. धावणे मात्र सुटले नाही. २०२४ च्या पावसाळ्यात ते कार्यालयात आले आणि म्हणाले, ‘‘साहेब, जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावायची म्हणतोय. त्या निमित्ताने आपल्या डायलिसिससाठी काही जमवता येईल का?’’

मुंबईची ही शर्यत २००४ पासून होते. सामाजिक संस्थांसाठी धावपटूंनी निधी जमविण्याची प्रथा तेथे चांगलीच रुजली आहे. धावणारा आपल्या परिचितांना सांगतो की, मी इतके कष्ट घेणार आहे, तुम्ही या कामास हातभार लावा. देणगी संस्थेस मिळते. धावणाऱ्याच्या पदरी पडतो तो घाम. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा चमत्कारिक आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम आला आणि १९२१ मध्ये कायम झाला. सामान्य हौशी माणसास एवढे अंतर धावण्यास चार ते साडेपाच तास लागतात.

या शर्यतीची खरी किंमत त्या एका सकाळी मोजली जात नाही. ती आधीच्या चार महिन्यांत हप्त्याहप्त्याने भरावी लागते. ही गोष्ट आम्हांसही नव्याने कळली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; जे समजले ते आमच्या फिजिशियनांच्या आणि या गृहस्थांच्या तोंडून ऐकून, आणि समजले तेही हिशेबाच्याच भाषेत.

शरीरात तातडीच्या वापराचे इंधन स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेले असते. त्यातून साधारणपणे दोन हजार किलोकॅलरी मिळतात. एक किलोमीटर धावण्यास दर किलो वजनामागे ढोबळमानाने एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसाचा ४२ किलोमीटरचा खर्च होतो सुमारे २,७००. चालू खात्यातील शिल्लक खर्चापेक्षा कमी आहे, हे उघड दिसते. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरनंतर भलेभले धावपटू एकाएकी का गळपटतात, याचे मुख्य कारण हेच. शरीरात चरबीची ठेव भरपूर असते. पण ती मुदत ठेवीसारखी, मोडायला वेळ घेणारी. आठवड्यातून एकदा संथ गतीने लांब पल्ला धावण्याचा हेतू असा की, शरीराने ही ठेव थोडी थोडी वापरण्यास शिकावे आणि चालू खात्यावरचा भार हलका व्हावा. गती इतकीच ठेवायची की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. नवशिक्याला हे पटत नाही. त्याला धापा टाकल्याखेरीज कष्ट केल्यासारखे वाटत नाही.

दुसरी अडचण हाडांची आणि स्नायुबंधांची. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडे, कंडरा यांस महिने लागतात. दम वाढला म्हणून अंतर वाढविले की नडगीचे हाड किंवा टाच तक्रार करू लागते. आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असे धावणारे म्हणतात. हा शास्त्रीय सिद्धान्त नव्हे, अनुभवाचा आडाखा आहे. पण आडाखा सावध आहे, म्हणून आम्हांस पटला. आमच्या या गृहस्थांनी ऑक्टोबरमध्ये आठवड्याला तीस किलोमीटरपासून आरंभ केला. दर चौथ्या आठवड्यास अंतर मुद्दाम कमी केले. डिसेंबरच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २२ तारखेस, ते प्रथमच सलग तीस किलोमीटर धावले. सरावात त्याहून फारसे अधिक धावतच नाहीत. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर घटवीत न्यायचे असते. चुकलेला सराव या दिवसांत भरून काढू पाहणारा मनुष्य थकलेले पाय घेऊन उभा राहतो.

नाशिकचा हिवाळा या सरावास अनुकूल, असे सर्वांस वाटते. ते बरेचसे खरे आहे. ऑक्टोबरचा उकाडा सरला की पहाटे धावणे सुखाचे होते. पारा दहा अंशांखाली उतरणे येथे नवलाचे नाही. निफाडकडे तर द्राक्षबागा वाचविण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. गंगापूर रस्त्याला पाच वाजता कानटोपी घालून धावणारी मंडळी दिसतात. जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. या धावणाऱ्यांच्या बोलण्यात तो विषय अद्याप निघतो.

परंतु थंडी तीन बाबतींत फसवते. पहिली, तहान. गारव्यात ती लागत नाही, घाम मात्र जातच असतो. उलट शर्यतीच्या दिवशी धास्तीने प्रत्येक टेबलापाशी पाणी पिणेही तितकेच घातक. त्याने रक्तातील सोडियम उतरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले होते. दुसरी बाब हवेची. थंड, स्थिर पहाटे जमिनीलगतची हवा वर चढत नाही आणि धूर व धूळ खालीच कोंडून राहतात. शेकोट्यांचा धूर दिसेल त्या रस्त्याने जाऊ नये, हे उत्तम. ज्यांस दमा आहे किंवा ज्यांचे हृदय आधीच दुखणाईत आहे, त्यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून हा उद्योग करूच नये. तिसरी बाब मुंबईची. कोरड्या थंडीत तयार झालेला मनुष्य तेथील दमट हवेत, सकाळी नऊनंतरच्या उन्हात धावतो. उष्णतेस सरावण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून आमच्या गृहस्थांनी शेवटच्या टप्प्यातील काही फेऱ्या मुद्दाम उन्हे वर आल्यावर केल्या. शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले.

आता आमच्या चुकीकडे येतो. निधी कसा जमवावा हे ठरवीत असता आम्ही एक कल्पना सुचविली आणि ती आम्हांस फार आवडली : एक किलोमीटर, एक दाता. बेचाळीस किलोमीटर, बेचाळीस नावे. पत्रकावर तसे रकाने छापले, आणि खाली ओळ घातली की, अंतर पूर्ण होताच देणगी रुग्णालयास वर्ग होईल. पंधरा दिवसांत सर्व रकाने भरले. उरले १९५ मीटर. ते कोणाच्या नावे लिहावे याचा विचार चालू असता, डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांनी आपसांत वर्गणी काढली आणि ते मीटर घेतले. कोणी शंभर, कोणी एकशे एक. त्या पावत्या फाडताना आम्ही त्या कल्पनेवर अधिकच खूष झालो. धावणाऱ्या माणसाच्या खांद्यावर आपण काय ठेवीत आहोत, हे मात्र आमच्या ध्यानी आले नाही.

शुक्रवार, १० जानेवारी २०२५ रोजी, शर्यतीस नऊ दिवस असता, ते गृहस्थ आपल्याच औषध दुकानात वेदनाशामक गोळ्यांच्या दोन पट्ट्या मागू लागले. औषधनिर्मात्याने ओळखीपोटी चौकशी केली. तीन दिवस ताप, अंगदुखी, छातीत जडपणा. घरी कोणास सांगितलेले नाही. गोळ्या घेऊन ताप उतरवायचा, शर्यतीच्या सकाळी आणखी दोन घ्यायच्या आणि धावायचे, असा बेत. औषधनिर्मात्याने गोळ्या न देता त्यांना थेट बाह्यरुग्ण विभागात नेले. या प्रसंगावधानाबद्दल त्यांचा येथे साभार उल्लेख करतो.

फिजिशियनांनी जे समजावले ते प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे. साधी सर्दी, नाक वाहणे एवढेच असेल तर हलके चालणे-धावणे बहुधा चालते. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर धावणे पूर्ण वर्ज्य. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूस सूज येऊ शकते आणि अशा हृदयाकडून कष्ट करवून घेतल्यास त्याची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. दुसरा धोका गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह घटवतात. एरवी निरोगी माणसास दोन-चार दिवस त्या सोसतात. पण घामाने शरीर कोरडे पडलेले, स्नायू झिजलेले आणि त्यात ही गोळी, असे एकत्र आले की मूत्रपिंडास तीव्र इजा होऊ शकते. डायलिसिसच्या निधीसाठी धावणारा मनुष्य कोणत्या वाटेने निघाला होता, हे ऐकून आम्ही सुन्न झालो.

ते मात्र खुर्चीत बसून एकच विचारत होते : ‘‘बेचाळीस लोकांचे पैसे परत जातील ना?’’ आणि मग, अगदी खालच्या आवाजात, ‘‘त्या बाकावरच्या लोकांचेसुद्धा?’’

त्या प्रश्नास उत्तर देण्याची जबाबदारी आमची होती. अट आम्ही छापली होती. त्याच सायंकाळी बेचाळीस दात्यांना पत्रे लिहिली. अट घालण्यात आमची चूक झाली, धावपटू आजारी आहेत, त्यांना धावू न देण्याचा निर्णय रुग्णालयाचा आहे, आपली देणगी परत हवी असल्यास आठ दिवसांत मिळेल, असे त्यांत स्पष्ट नमूद केले. विश्वस्त मंडळास हे नंतर कळविले; आधी विचारावयास हवे होते, अशी टीका झाली आणि ती आम्ही मान्य करतो. चाळीस दात्यांनी देणगी विनाअट केली. दोघांनी मात्र, ते धावतील तेव्हाच रक्कम वापरावी, असे कळविले. यात गैर काही नाही. दात्याने अट वाचून पैसे दिले होते. बाकावरच्या मंडळींस पत्र धाडण्याची वेळच आली नाही. बातमी त्यांच्यापर्यंत आमच्या आधी पोहोचली होती आणि ‘‘पोराला आधी बरं होऊ दे’’ असा निरोपही त्यांच्याकडूनच आला.

१९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत शर्यत झाली. ते गृहस्थ घरी होते. पुढे हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी यांत दोष आढळला नाही. तरी फिजिशियनांनी त्यांना काही आठवडे केवळ चालण्यास सांगितले, आणि त्यांनी ते पाळले. चार महिन्यांचा सराव वाया गेला का, असे आम्ही एकदा विचारले. दम बराचसा जातो, पाय थोडे जातात, आणि कुठे थांबायचे ते आता माहीत झाले आहे, असे ते म्हणाले. पावसाळा संपताच पुन्हा आठवड्याला तीस किलोमीटरपासून आरंभ करण्याचा त्यांचा विचार आहे.

जमलेल्या निधीतून डायलिसिसच्या कृत्रिम गाळण्या, नळ्या आणि बाहेरगावाहून येणाऱ्या गरजू रुग्णांचा प्रवासखर्च भागविण्यात आला. तपशील संबंधित परिशिष्टात आहे. यंदाच्या देणगीपत्रकावर किलोमीटरचे रकाने नाहीत. दोन दात्यांची सशर्त रक्कम खर्चात न धरता ताळेबंदाच्या देणे बाजूस ‘अनामत : किलोमीटर १७ व ३१’ या नावाने दाखविली आहे.