सामाईक सातबारा आणि बंद घर : रत्नागिरीच्या डोंगराळ गावांतील जीवन व मालमत्तेचे भवितव्य

प्रस्तावना

रत्नागिरी शहरालगतचे मिरकरवाडा बंदर हे जिल्ह्यातील मासेमारीचे प्रमुख केंद्र होय. येथील यांत्रिक नौकांवर किनाऱ्यावरील गावांचे तरुण खलाशी म्हणून काम करतात, नेपाळच्या डोंगरातून आलेलेही करतात. त्यांच्यासोबत सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वाड्यांतून उतरलेले काही जण आढळतात. जूनमध्ये पावसाळी मासेमारीबंदी लागू झाली की हे शेवटचे तरुण भाताच्या लावणीसाठी गावी परततात. मासेमारीचा आणि शेतीचा हंगाम असा एकमेकांत बसतो. मात्र ज्या जमिनीत ते लावणी करतात, ती जमीन नेमकी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्यांना सहसा एका वाक्यात देता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मत्स्यव्यवसाय विभागाने मिरकरवाडा बंदराच्या जागेतील अनधिकृत बांधकामे हटविली. तेथे वहिवाट होती, परंतु कागद नव्हता. त्याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागात स्थिती नेमकी उलट आहे. तेथे कागद आहे, त्यावर नावेही पुष्कळ आहेत. वहिवाट मात्र उरलेल्या एखाद्या वृद्ध दांपत्याची. या दुसऱ्या स्थितीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गावाची आणि जमिनीची रचना

आंबा घाटाखालील साखरपा परिसर किंवा राजापूर तालुक्याची पूर्व बाजू पाहिली असता गाव म्हणजे एकसंध वस्ती नसून टेकड्यांवर विखुरलेल्या वाड्यांचा समूह असल्याचे दिसते. ओढ्याकाठी मळे, त्याच्या वरच्या अंगाला कुर्याट आणि उतारावर वरकस अशी जमिनीची पारंपरिक प्रतवारी आहे. वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक घेऊन ती काही वर्षे पड ठेवण्याची रीत होती. हापूसची बाग किनारपट्टीला जितकी साधते तितकी येथे साधत नाही. येथील नगदी पीक म्हणजे काजू. इ.स. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आल्यानंतर वरकस जमिनीला प्रथमच काही किंमत आली. तोपर्यंत तिच्या वाटणीचा आग्रह कोणी फारसा धरला नव्हता.

इ.स. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १,१२२ होती. या आकड्याचा गौरवाने उल्लेख करण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे.

एका नावाची अनेक नावे कशी झाली

या भागात खोती पद्धत होती. तिच्या उच्चाटनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ अन्वये १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कोकणातील सामान्य शेतकऱ्याच्या जीवनात याहून मोठी घटना क्वचितच घडली असेल.

मात्र ही मालकी नोंदविली गेली ती बहुधा थोरल्या भावाच्या नावे. सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अशी अक्षरे आली. धाकटे भाऊ त्या वेळी गिरणगावात होते. त्यांची नावे लागलीच पाहिजेत असे कोणालाच वाटले नाही. थोरला भाऊ निवर्तला, त्याचे वारस लागले. धाकट्यांच्या मुलांनी हरकत घेतली, त्यांचीही नावे चढली. प्रस्तुत लेखकाच्या आजोळच्या सातबाऱ्यावर आज चाळीसहून अधिक नावे आहेत. त्यांपैकी गावात राहणारी माणसे दोन. कित्येक मृतांची नावे अद्याप कमी झालेली नाहीत, आणि आजोबांच्या एका बहिणीचे नाव तर दोनदा आले आहे. दुरुस्तीसाठी एका कार्यालयात पाच फेऱ्या झाल्यावर ‘सर्वांना घेऊन या’ असे सांगण्यात आले.

या गुंत्याचे खापर मुलींच्या हक्कावर फोडण्याची प्रवृत्ती भावकीत आढळते. ती तपासून पाहावी लागेल. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीला सहदायकाचा दर्जा दिला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असून त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही असे स्पष्ट केले. परंतु वाटपाअभावी नावे साचण्याची क्रिया त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचे, आणि भावाभावांतील वाटप मात्र ‘पुढच्या गणपतीला पाहू’ म्हणून ठेवायचे, हा व्यवहार न्यायाचा नाही, आणि सोयीचाही ठरलेला नाही.

न झिजणारा हक्क

प्रश्नाचे मूळ अविभक्त मालकीच्या स्वरूपात आहे. सहहिस्सेदारांपैकी एकाचा कब्जा हा कायद्याने सर्वांच्या वतीने असलेला कब्जा समजला जातो. त्यामुळे गावी राहिलेल्या भावाने तीस वर्षे कौले परतली, बांध घातले, घरपट्टी भरली, तरी इतरांचा हक्क स्पष्टपणे नाकारून त्यांना बेदखल केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय केवळ काळ लोटल्याने त्याची एकट्याची मालकी निर्माण होत नाही. मुंबईतील भावाचे घर परगावी राहण्याने गमावले जाऊ नये, हा यामागील संरक्षक विचार योग्यच आहे. पण त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारले जात नाही. बँक पीककर्जासाठी सहहिस्सेदारांची संमती मागते. विहिरीचे अनुदान, नवे घर, काजूची बाग या प्रत्येकासाठी सह्या लागतात. कागदावरील हक्क झिजत नाही. घर मात्र झिजते. जांभ्याच्या भिंती टिकाऊ खऱ्या, पण एका पावसाळ्यात कौल सरकले आणि ओटीवर पाणी आले की वासे कुजण्यास फार काळ लागत नाही.

अविभक्त हिस्सा विकता येतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतल्यास त्याला कुटुंबीयांसमवेत संयुक्त कब्जा मागता येत नाही. तसेच अशा खरेदीदाराने वाटपाचा दावा लावल्यास विभाजन अधिनियम, १८९३ चे कलम ४ कुटुंबीयांना तो हिस्सा विकत घेण्याची संधी देते. हे संरक्षण घरापुरते आहे. पड जमिनीला ते लागू नाही, आणि खरेदीदाराची नजर असते ती पड जमिनीवरच. नाणार येथील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्प (त्याची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली) आणि २०२३ मधील बारसू येथील आंदोलन या दोन्ही प्रसंगी जमीन कोणाची, हा प्रश्न गावकऱ्यांना प्रकल्पाच्या बऱ्यावाईटाइतकाच जाचक ठरला.

तोराजा समाजाचे उदाहरण

इंडोनेशियातील दक्षिण सुलावेसीच्या पर्वतीय प्रदेशात राहणाऱ्या तोराजा समाजाशी येथे तुलना उद्बोधक ठरेल. त्यांचे मूळ घर म्हणजे नावेसारख्या वक्र छताचे तोंगकोनान. ते विकण्याची वस्तू मानली जात नाही. माता व पिता अशा दोन्ही बाजूंच्या वंशजांचे त्याच्याशी नाते असते. तेथील तरुणही आपल्याकडील चाकरमान्यांप्रमाणेच दूरच्या शहरांत व खाणींत कामाला जातात, आणि मोठ्या अंत्यविधीसाठी परततात. फरक असा की तोराजांमध्ये हक्क नुसत्या जन्माने मिळून थांबत नाही. घराच्या पुनर्बांधणीत वाटा उचलणाऱ्याचे नाते जिवंत राहते, आणि आई-वडिलांच्या अंत्यविधीत किती रेडे अर्पण केले, यावर अनेक ठिकाणी भातजमिनीतील वाटा ठरत आला आहे.

या पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. रेड्यांसाठी शेत गहाण पडते, कर्ज पुढच्या पिढीवर जाते, आणि गरीब भावंड मागे सरते. तथापि घराची काळजी व घराचा हक्क यांची सांगड तेथे उघडपणे घातलेली आहे. आपल्याकडे ती सांगड केवळ रीतिरिवाजात शिल्लक आहे. मूळ घरच्या गणपतीचा खर्च, शिमग्याची वर्गणी, पालखीचा मान यांचा हिशेब गावकी काटेकोरपणे ठेवते. वर्गणी थकली तर मुंबई मंडळाच्या सभेत नाव घेतले जाते. परंतु कौलांचा, वाशांचा आणि बांधांचा हिशेब कोणीही लिहून ठेवत नाही.

वाटपाच्या वाटा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडे शेतजमिनीचे वाटप करून घेता येते. संमती नसेल तर दिवाणी न्यायालय, आणि त्याचा निकाल पाहण्यास अर्जदार हयात असेलच असे नाही. वाटप झाले तरी मळ्याचे तुकडे पडतात. चार गुंठ्यांच्या सोळा पट्ट्या करून भात पिकत नाही. राज्य शासनाने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद घेण्यास आरंभ केला, तर मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र पहिल्याने नावांची यादी खरी होते, ती आखूड होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते वाटपाआधी कुटुंबाने एक साधा लेख करावा. घर कोण सांभाळणार, खर्चाचा वाटा कोणाचा किती, ज्याने तो दिला नाही त्याच्या हिश्शातून तो कसा वळता करायचा आणि मळा एकसंध ठेवून कसणाऱ्याने इतरांना काय द्यायचे, हे त्यात असावे. बहिणींच्या सह्या त्यावर हिस्सेदार म्हणून घ्याव्यात, हक्क सोडणाऱ्या म्हणून नव्हे. असा लेख हक्क निर्माण करणारा किंवा सोडणारा असेल तेथे तो नोंदणीकृत करणे अगत्याचे आहे.

अडचण उरते ती सर्वांना एकत्र आणण्याची. डोंगरातील वाड्यांत सगळे हिस्सेदार एकाच वेळी उपस्थित असतात ते वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्यात. चतुर्थीला कार्यालये बंद असतात, आणि ती उघडेपर्यंत दीड दिवसाच्या गणपतीची माणसे परतीच्या गाडीत बसलेली असतात. तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांनी त्या आठवड्यात वाडीतच दोन दिवस शिबिर घेतले, तर निदान फेरफाराच्या नोटिसा मुंबईच्या जुन्या पत्त्यांवरून परत येण्याचे टळेल.