धावती मोटार अचानक बंद का पडते?

मे महिन्याची दुपार, पारा 44 अंशांवर. वणीहून यवतमाळला निघालेली एक जुनी पेट्रोल मोटार मारेगावच्या पुढे आचके देत बंद पडते. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरीही ठीक आहे. चालक पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकतो आणि अर्धा तास कडुनिंबाखाली बसतो. मग मोटार मुकाट्याने सुरू होते! असे का व्हावे?

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, तर जड घटक 200 अंशांच्या आसपास. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या कार्ब्युरेटरच्या मोटारींत पंप तापलेल्या इंजिनालाच जोडलेला असे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतील दाब घटतो. दाब घटला की उत्कलनबिंदूही उतरतो, हे तुम्ही शिकला आहातच. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंपाच्या प्रत्येक हिसक्याला ही वाफ फुगते व दबते; पुढे मात्र पेट्रोल जात नाही. मेकॅनिक याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. फडक्यातले पाणी वाळताना उष्णता शोषून घेते आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

आजच्या मोटारींत पंप टाकीतच बुडवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, दाबाने पुढे ढकलतो. म्हणून हा दोष आता दुर्मीळ झाला आहे.

तरी मोटारी बंद पडतातच. अशा वेळी ती कशी थांबली, हे आधी आठवावे. आचके देत थांबली, तर बहुधा इंधन अडले आहे. दिवा मालवावा तशी एकदम थांबली, तर ठिणगी किंवा वीजपुरवठा तुटला असण्याचा संभव अधिक. इग्निशन कॉइलमधील बारीक तार तापून प्रसरण पावते, सांधा सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. म्हणजे ‘थंड झाल्यावर सुरू झाली’ एवढ्यावरून निदान होत नाही. माझ्या मते घाईचे मेकॅनिक इथेच फसतात.

परंतु निदान नंतर. इंजिन थांबताच ब्रेकला मदत करणारी निर्वातही थांबते. साठलेल्या निर्वातावर एक-दोनदाच ब्रेक हलका लागतो, नंतर पाय जोरात दाबावा लागतो. स्टिअरिंगही जड होते. म्हणून उरलेल्या गतीचा उपयोग करून मोटार कडेला घ्यावी, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. किल्ली काढली की पुष्कळ मोटारींत स्टिअरिंगला कुलूप लागते.