तिथी पाहा, पक्षी पाहा!

रानातले पक्षी पाहायचे तर पहाटे उठून जावे, हे सर्वांना ठाऊक असते. समुद्रकिनाऱ्यावर मात्र तेवढ्याने भागत नाही. इथल्या पक्ष्यांचा दिवस सूर्याइतकाच चंद्रही ठरवतो. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की पक्ष्यांची पंगत बसते आणि पाणी चढले की ती उठते. मग ती भर दुपार असो की मध्यरात्र. म्हणून मुंबईजवळच्या खाड्यांपासून वेंगुर्ल्यापर्यंत पक्षी पाहत जायचे असेल, तर घड्याळाआधी पंचांग उघडावे.

पाऊणपटीचा हिशेब

कोकणातील कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा हिशेब वापरत आले आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला ती १२ च्या सुमारास येते. भरती दिवसातून दोनदा येते आणि प्रत्येक भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते.

यामागचे कारण सोपे आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तितकीच उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. हिशेब जवळपास जुळतो. ठिकाणानुसार अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, तेवढा धरून चालावे.

आता हा हिशेब वापरून पाहू. एकादशी-द्वादशीला भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे सूर्योदयानंतर पाणी चढत असते आणि दूर चिखलात चरणारे पक्षी मागे सरकत काठाजवळ येतात. किनाऱ्यावरून पक्षी पाहायला ही वेळ फार चांगली.

ठाणे खाडी : उलट्या चोचीची गाळणी

मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. त्यामुळे ठाणे खाडीत चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. लहान रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ खातो. त्याचा गुलाबी रंग या अन्नातल्या रंगद्रव्यांतूनच येतो. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेला. ऐरोलीहून वनविभागाची नाव सुटते. तिची वेळही भरतीवरच ठरते.

रोहितांच्या आसपासचे लहान पक्षीही नीट पाहा. चिखल्याची चोच आखूड असते. तो धावतो, थबकतो आणि डोळ्यांना दिसेल तेच टिपतो. कोरलाची चोच लांब आणि खाली वाकलेली. तो ती चिखलात खोल खुपसून खेकडे व किडे काढतो. पाणटिवळ्याची लांब चोच जवळजवळ सरळ असते. चिखल एकच, पण जेवणाचे मजले वेगळे. म्हणूनच इतक्या जातींचे पक्षी शेजारीशेजारी चरू शकतात.

किहीम : सुगरण कोण?

खाडी ओलांडून अलिबागच्या बाजूला आले की किहीम गाव लागते. नोकरी नसलेल्या काळात, १९३० साली, सालिम अली इथे राहत होते. घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेली घरटी पाहून त्यांतले एक पसंत करते. एका मादीचा संसार सुरू झाला की नर दुसरे घरटे विणायला घेतो, असे त्यांना दिसून आले. ‘सुगरण’ हे नाव आपण दिले खरे, पण कसब नराचे! हा शोध महागड्या उपकरणांनी नव्हे, तर चिकाटीने लागला.

दक्षिणेकडे : गरुड आणि पाकोळी

पुढे आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. हिवाळ्यात या बोटींभोवती कुरव घिरट्या घालतात. त्यांना शेव-गाठी टाकू नका. तळलेले खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे.

दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, चिखलपट्टे अरुंद होतात, कडे आणि खडक वाढतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उंच झाडांवर समुद्री गरुडाची प्रचंड घरटी दिसतात. पाठ राखाडी, पोट पांढरेशुभ्र; आहारात मासे आणि समुद्रसाप. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळी आपल्या लाळेने घरटे चिकटवते आणि अंधारात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. वटवाघळाचा असा आवाज बहुधा आपल्याला ऐकू येत नाही, हिचा येतो. ही वीण होण्याची जागा असल्याने गुहांत शिरू नये.

एक नव्हे, दोन जागा

भरतीच्या वेळी हे चिखलातले पक्षी कुठे जातात? मिठागरे, पाणथळ तळी, मोकळ्या पुळणी इथे ते विसावतात. सैबेरियाकडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. विसाव्याची जागा गेली तर त्याला भरतीभर उडत राहावे लागते आणि मिळवलेले अन्न तिथेच खर्ची पडते. उरण आणि नवी मुंबईच्या बाजूला अशी तळी भराव टाकून बुजवली गेली आहेत. चिखल राखला आणि तळे बुजवले, तर पक्षी टिकत नाहीत. ‘पडीक’ दिसणारे तळे हे खाडीचेच दुसरे अंग होय.

तुमच्या गावाजवळ खाडी असेल तर शाळेत एक वही ठेवा. दर पंधरवड्यात एकाच ठिकाणाहून पाहा आणि तारीख, तिथी, भरतीची वेळ, पक्ष्यांच्या जाती व संख्या लिहा. भरतीच्या वेळी ते कुठे बसतात, हे नोंदवायला विसरू नका. उद्या त्या तळ्यावर भराव पडू लागला, तर इथे पक्षी येत होते हे सांगणारा पुरावा तुमच्या वहीत असेल.